अठ्ठेचाळीस नंबरची भाकर

मला शिडी आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. बावीस वर्षं नेटवर्कच्या कामात आहे आणि त्यातली निम्मी छताकडे तोंड करून गेली. मान धरते, डोळ्यांत चुना पडतो, आणि खालून कोणीतरी हमखास विचारतं, झालं का हो? त्या मे महिन्यात मी एकाच खोलीत ओळीने पाच दिवस शिडी लावली आणि पाचही दिवस खालून तोच प्रश्न आला.

खोली अठ्ठेचाळीस नंबरची. अकोल्याच्या बाहेर 'सायंतारा' नावाचं वृद्धनिवास आहे, तिथली. प्रश्न विचारणारे पुंडलिकराव इंगळे, वय अठ्ठ्याहत्तर, वीज मंडळातून निवृत्त झालेले. बायको जाऊन बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. सगळे त्यांना काकाजी म्हणत. त्यांची तक्रार एकच होती. दुपारचे चार वाजले की त्यांच्या छतावरची भाकर बंद पडते आणि पाचच्या सुमाराला आपली आपण चालू होते.

भाकर म्हणजे वाय-फायचा ॲक्सेस पॉइंट. छताला चिकटवलेली पांढरी गोल चकती, आकाराने ज्वारीच्या भाकरीएवढी, म्हणून तिथल्या म्हाताऱ्या मंडळींनी हे नाव पाडलं आणि मग कंपनीच्या कागदांवर सोडून सगळीकडे तेच चाललं. आमच्या लहानपणी ही चकती नुसतं इंटरनेट द्यायची. आता ती श्वास मोजते. जादू काही नाही त्यात. तिच्यातून निघालेल्या लहरी भिंतीवर, कपाटावर, माणसावर आदळून परत येतात. भिंत जागची हलत नाही, पण माणसाची छाती दर श्वासाला पाच-सात मिलिमीटर वरखाली होते. तेवढ्याने परतीची लहर एक केसभर लवकर किंवा उशिरा पोचते, आणि तो फरक चकतीला कळतो. गेल्या चार वर्षांत या चकत्या इतक्या शहाण्या झाल्या, की श्वास अडायच्या चाळीस सेकंद आधी त्यांना चाहूल लागते आणि सिस्टरच्या मनगटावरचा पट्टा थरथरतो. अंगाला वायर नाही, नाकात नळी नाही. घरच्यांच्या फोनवर एक हिरवी रेघ वरखाली होत राहते. रेघ हलतेय म्हणजे आपलं माणूस ठीक आहे.

भाकरी आल्या तेव्हा सायंतारात अकरा मावश्या कामाला होत्या. आता दोन सिस्टर आहेत. घरचे लोक आधी दर रविवारी यायचे, मग महिन्यातून एकदा, मग दिवाळीला. येऊन तरी काय करायचं, रेघ दिसतेच की फोनवर. मी कोणाला नावं ठेवत नाही, कारण मीही त्यातलीच. माझी आई तिथेच, एक नंबरच्या खोलीत. दोन वर्षांपूर्वी दुपारच्या झोपेत तिचा श्वास थांबला होता. भाकरीने ओळखलं, सिस्टर धावली, आई वाचली. तेव्हापासून तिची रेघ माझ्या फोनच्या कोपऱ्यात कायम असते. इतकी कायम, की मी सायंतारात कामाला आले तरी जिन्याशी फोन काढून रेघ बघायची, बरी आहे म्हणायची आणि तिच्या दारावरून वर निघून जायची.

तर अठ्ठेचाळीस नंबर. पहिल्या दिवशी मी वायर तपासली. या चकत्यांना वेगळा प्लग नसतो. एकाच वायरीतून माहितीही जाते आणि वीजही, आणि ती सगळ्यांना पुरवतो जिन्याखालच्या कपाटातला स्विच. अठ्ठेचाळीस पोर्ट, अठ्ठेचाळीस वायरी, अठ्ठेचाळीस खोल्या. वायर ठणठणीत होती. दुसऱ्या दिवशी दोन्ही टोकं नवी लावली, तिसऱ्या दिवशी भाकरच बदलली. चौथ्या दिवशी काकाजींची वायर बारा नंबरच्या पोर्टात लावली आणि बाराची अठ्ठेचाळीसमध्ये, तर चार वाजता बारा नंबरच्या कुलकर्णी आजींची भाकर मालवली. म्हटलं सापडलं, पोर्ट खराब आहे. वायरी पूर्ववत केल्या आणि दुसऱ्या दिवशी अख्खा स्विच बदलला. नव्या स्विचवरही चार वाजता अठ्ठेचाळीसच पडला. माझं डोकं फिरलं.

प्रत्येक दुरुस्तीनंतर चाचणी घ्यावी लागते, आणि चाचणी म्हणजे आपणच कॉटवर आडवं व्हायचं. तीन मिनिटं गप पडून राहायचं, भाकरीने आपला श्वास नीट वाचला की काम पूर्ण. काकाजी खुर्चीत बसून माझी गंमत बघायचे. त्यांच्या कॉटवर मी ताठ पडलेली, आणि ते म्हणायचे, झोप पोरी झोप, मी जागा हाय. मग उपकेंद्रावरच्या गोष्टी सांगायचे. कुठल्या खांबावर कुठला साप निघाला, कुठल्या लग्नात नवरी मांडवात उभी असताना तार तुटली. मी हूं हूं करायची आणि मनात पोर्ट मोजायची. वैराळे सिस्टरने मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं, की काकाजींचा श्वास झोपेत अडतो, गेल्या महिन्यात दोनदा भाकरीने धरला, आणि त्यांची झोपायची वेळ म्हणजे नेमकी दुपारी तीन ते पाच. मी म्हटलं, पण ते तर मी असते तेव्हा जागेच असतात. ती म्हणाली, तुम्ही असता म्हणूनच जागे असतात.

सहाव्या दिवशी मी शिडी बाजूला ठेवली आणि दुपारी तीनपासून कपाटापाशी स्टूल टाकून बसले. बाहेर सेहेचाळीस डिग्री. कपाट पश्चिमेच्या भिंतीला, आत हात घातला तर चटका बसत होता. चारला पाच मिनिटं कमी असताना चहाची घंटा झाली, सगळा सायंतारा कॉटवरून उठला, आणि अठ्ठेचाळीस भाकरींनी एकदम पूर्ण ताकद मागितली. स्विचच्या नोंदीत ओळ उमटली: पोर्ट अठ्ठेचाळीस, वीज नाकारली.

मग सगळं उलगडलं. एप्रिलमध्ये भाकरींना नवं सॉफ्टवेअर आलं होतं. आधी त्या जास्तीत जास्त पंचवीस वॅट मागायच्या, आता तीस मागतात. अठ्ठेचाळीस गुणिले तीस म्हणजे चौदाशे चाळीस, आणि स्विचची एकूण क्षमता बरोबर चौदाशे चाळीस. कागदावर चोख. पण स्विचचा पॉवर सप्लाय फार तापला की स्वतःला जपण्यासाठी थोडा हात आखडता घेतो. त्या भट्टीत तो चौदाशे दहाच देत होता. तीस वॅट कमी. म्हणजे नेमकी एक भाकर.

आता ती एक कोणाची, हे ठरवायला स्विचकडे नियम असतो. प्रत्येक पोर्टाला तीनपैकी एक दर्जा देता येतो: अत्यावश्यक, महत्त्वाचा, साधा. वीज कमी पडली की साधा आधी पडतो. आणि सगळ्यांचा दर्जा सारखाच असेल तर? तर लहान नंबर आधी जेवतो आणि शेवटचा नंबर उपाशी राहतो.

सगळ्यांचा दर्जा सारखा होता. तो मीच केला होता.

ही माझी चूक, आणि ती सांगताना आजही माझे कान गरम होतात. आपल्याकडे ओळख काढल्याशिवाय काम होत नाही. भाकरी बसवल्या तेव्हा मी नियमाप्रमाणे नाजूक प्रकृतीच्या सहा जणांना अत्यावश्यक केलं होतं. सातवी माझी आई. ती खरं म्हणजे त्या यादीत तेव्हा बसत नव्हती, पण मी तिची वायर सगळ्यात आधी ओढली, एक नंबरला लावली आणि दर्जाही देऊन टाकला. ते कसं कोण जाणे बाहेर फुटलं. मग फोन सुरू झाले. ताई, तुम्ही मोहोडांच्या ना, आमची आत्या तुमच्याच गल्लीत होती, आमच्या बाबांचंही जरा वरती घ्या. ताई, तुमच्या शाळेतल्या सरांचा मी जावई. मला नाही म्हणता येत नाही. बरं, कोणत्या तोंडाने म्हणणार? एकेक करत वर्षभरात सत्तेचाळीस झाले. शेवटी फक्त काकाजी उरले, ज्यांच्यासाठी कोणाचाच फोन आला नव्हता. मग मला वाईट वाटलं आणि मी त्यांनाही अत्यावश्यक केलं. आता सगळे सारखे, म्हणून स्वतःवर खूशही झाले होते. सगळे पहिले झाल्यावर कोणीच पहिलं राहत नाही आणि मग स्विच नुसता नंबर बघतो, हे बावीस वर्षं हेच काम करणाऱ्या बाईच्या डोक्यात आलं नाही.

मोठा सप्लाय मागवला. अकरा दिवस लागतील असं कळलं. तोवर काय काय करून पाहिलं ते विचारू नका. पंखा लावला तर तो गरम वाराच आत ढकलत होता. कूलर लावला तर दमट हवेने वायरींच्या टोकांवर पाणी धरलं आणि व्यवस्थापक साहेबांनी तो स्वतः उचलून बाहेर नेला. काकाजींच्या भाकरीला बाहेरून वेगळा अडॅप्टर जोडला, तर ती कामच करेना. कंपनीने कुलूप घातलंय: मंजूर स्विच सोडून दुसरीकडून वीज मिळाली की भाकर स्वतःला अपात्र ठरवते आणि श्वास मोजायचं थांबवते. कंपनीला फोन केला, तर हे तुमच्या सुरक्षिततेसाठीच आहे असं एका गोड आवाजाने चार वेळा सांगितलं.

शेवटी मी सायंतारातल्या मंडळींच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर सगळं खरं खरं लिहिलं. अकरा दिवसांचा प्रश्न आहे. रोज दुपारी चार ते पाच एकाच घराने आपल्या माणसाची भाकर बंद ठेवू द्यावी, आणि तेवढा एक तास स्वतः येऊन शेजारी बसावं. म्हणजे रोज त्याच माणसावर अंधार येणार नाही. सत्तेचाळीस घरं, यादीत हवी होती फक्त अकरा.

दोन तासांत एकोणीस हात जोडलेले आले. एकाने लिहिलं, फार स्तुत्य उपक्रम. एकीने लिहिलं, आमच्या अण्णांना सोडून कोणाचंही चालेल. एकाने मला वेगळा फोन करून विचारलं, ते इंगळे म्हणजे ज्यांचं कोणी नाही तेच ना? मग त्यांचंच राहू द्या ना तसं, तक्रार कोण करणार आहे? मी फोन ठेवला आणि कपाटाला लाथ मारली. पायाला लागलं.

सातव्या दिवशी काम काही नव्हतं, तरी चारला मी काकाजींकडे गेले. शिडी नेली नव्हती. त्यांनी ते बघितलं आणि म्हणाले, आज नुसतीच आली वाटते. मी सगळं सांगितलं, ग्रुपवरचे निरोपही वाचून दाखवले. मला वाटलं चिडतील. ते हसले.

म्हणाले, मी भारनियमन केलेला मानूस हाय. आठ-आठ तास गावाला अंधारात ठेवायचो. कोणता फिडर, म्हंजे कोणत्या भागाची लाइन, बंद करायचा याचा वरून तक्ता यायचा, पण खटका पाडणारा हात माझा. लोक दगड घेऊन उपकेंद्रावर यायचे. मला आठवलं, मी दहावीत असताना आमच्याकडेही रोज संध्याकाळी वीज जायची, आणि मेणबत्तीपुढे भूमितीची प्रमेयं करताना मी त्या न पाहिलेल्या माणसाला मनसोक्त शिव्या दिल्या होत्या. तेही मी सांगून टाकलं. ते म्हणाले, तुह्या शिव्या पोचल्या बरं मले.

मग त्यांनी वर बघितलं. छतावरची भाकर विझलेली होती.

"पोरी, तू यादी केली म्हनतेस. त्या यादीत पहिलं नाव कोनाचं हाय?"

मी म्हटलं, अजून कोणाचंच नाही, तेच तर रडगाणं आहे.

"तुही माय एक नंबरले हाय ना?"

ते रागावले नव्हते, हेच जास्त लागलं. त्यांनी सांगितलं, की दगड यायला लागले तेव्हा त्यांच्या जुन्या ऑपरेटरने त्यांना एक रीत शिकवली होती. फिडर पाडायचा तर आपलं क्वार्टर ज्या फिडरवर आहे तो आधी पाडायचा. मग कंदील घेऊन बाहेर येऊन उभं राहायचं, लोकांना दिसेल असं. लोक मग शिव्या देतात, पण दगड खाली टाकतात. मी म्हटलं, काकाजी, तिचा श्वास एकदा थांबलाय. ते म्हणाले, हाव, मले माहीत हाय. म्हनूनच मी तुले कर म्हनत नाही. नुसतं विचारलं.

घरी जाऊन मी आईची रेघ बघत बसले. वर, खाली. मला तिचा भयंकर राग आला, म्हणजे रेघेचा. आठव्या दिवशी सकाळी ठरवलं आणि दुपारपर्यंत तीनदा मोडलं. आई जरा खोकत होती असं सिस्टर म्हणाली होती. आज नको, उद्या करू. साडेतीनला मी कपाटापाशी उभी होते. मग एक नंबरच्या पोर्टाचा दर्जा मी अत्यावश्यकवरून साधा केला. एक बटण. ग्रुपवर लिहिलं: आज चार ते पाच एक नंबर बंद. माझी आई आहे. मी शेजारी बसलेय. उद्या कोण?

मी खोलीत शिरले तेव्हा आई केस विंचरत होती. माझी आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, आवाजावरून माणूस ओळखते. तिने मागे न बघताच म्हटलं, "आज माझी भाकर बंद पडली वाटतं. नाहीतर तू कशाला येतेस."

मी कॉटच्या कडेला बसले. चार वाजता भाकरीचा हिरवा ठिपका विझला आणि माझ्या फोनवरची रेघ थांबली. आई चहा पिऊन भिंतीकडे तोंड करून आडवी झाली आणि मी तिच्या पाठीवर तळहात ठेवला. पहिली दहा मिनिटं मला श्वास सापडेचना, माझ्याच हाताचे ठोके लागत होते. मग सापडला. रेघेसारखा नव्हता तो. मध्येच अडायचा, मध्येच उसासा, एकदा थांबला तो मी सहापर्यंत मोजलं आणि ओरडणार तेवढ्यात परत सुरू झाला. आई झोपली नव्हतीच. ती म्हणाली, रोज चारला डोक्यावर शिडी ओढल्याचा आवाज येतो, तुझी ओढायची पद्धत मला माहीत आहे, तेवढ्यासाठी मी आधी उठून केस विंचरून बसते. मी विचारलं, हाक का नाही मारलीस? तर म्हणाली, तू कामात असतेस.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर कोणीच पुढे आलं नाही. मी पुन्हा आईचीच भाकर बंद ठेवली, पुन्हा तसंच लिहिलं. तिसऱ्या दिवशी एकतीस नंबरच्या आजींची मुलगी सरोदे बाई खामगावहून उन्हात स्वतः गाडी चालवत आली. त्यानंतर मात्र ओळ लागली. जी अण्णांना सोडून म्हणाली होती तीसुद्धा आली, हातात टरबूज घेऊन. दुपारी चारला जिन्यावर चपला दिसायला लागल्या. कोणी आईचे पाय चेपत होतं, कोणी वडिलांशी तासभर जुन्या घराच्या वाटणीवरून भांडत होतं, पण बसून भांडत होतं. मी हवेत होते. सिस्टर म्हणाली, ताई, भाकरी बसल्यापासून एवढे आवाज मी ऐकले नव्हते.

आणि अठ्ठेचाळीस नंबर एकदाही पडला नाही. मी रोज नोंद बघत होते. चार ते पाच, तीस वॅट, अखंड. एकदा सिस्टर जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, काकाजी विचारत होते, शिडीवाली येत नाही का आजकाल. मी घाईत होते, दुसऱ्या इमारतीचं काम अंगावर होतं. मी म्हटलं, त्यांना सांगा, तुमची भाकर आता छान चालते, यायचं काही कारण नाही.

हे वाक्य माझं आहे. मी ते बोलले, हसत बोलले.

यादीच्या नवव्या दिवशी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी काकाजी गेले. झोपेत. भाकरीने तिचं काम चोख केलं होतं, चाळीस सेकंद आधी पट्टा थरथरला. वैराळे सिस्टर तळमजल्यावर चहा देत होती, ती कप तसाच टाकून दोन जिने चढून पन्नास सेकंदांत पोचली. तिने आणि डॉक्टरांनी वीस मिनिटं शर्थ केली. डॉक्टर म्हणाले, हृदयच थकलं होतं, शेजारी कोणी बसलं असतं तरी फरक पडला नसता. असेलही. मला त्याने काडीचंही बरं वाटलं नाही. ज्यांच्या भाकरी बंद होत्या त्यांच्याजवळ रोज कोणीतरी बसलं होतं. काकाजींची चालू होती, म्हणून त्यांच्याजवळ कोणी नव्हतं. मी शिडी घेऊन जात होते तेव्हा ते गोष्टी सांगत जागे राहायचे. मी दुरुस्ती केली आणि ते झोपायला लागले.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी कपाटापाशी उभी होते. एक माणूस कमी, म्हणून एक भाकर कमी. सत्तेचाळीस गुणिले तीस, चौदाशे दहा. वीज बरोबर पुरली. सगळे दिवे हिरवे, नोंदीत एकही नकार नाही. व्यवस्थापक साहेब मागे येऊन उभे राहिले. चांगला माणूस आहे, वाईट हेतूने बोलला नसेल. म्हणाले, चला, आता नव्या सप्लायची तेवढी घाई राहिली नाही. मी त्यांच्याकडे असं काही बघितलं असेन, की ते तसेच निघून गेले. त्या दिवशी बेचाळीस नंबरच्या मुलाची पाळी होती. त्याला सांगितलं, आज बंद ठेवायची गरज नाही, वीज पुरतेय, तुम्ही जा. तो दारात जरा घुटमळला. मग म्हणाला आलोच आहे तर बसतो, आणि आत गेला.

अकराव्या दिवशी सप्लाय आला. पाऊण तासाचं काम. जोडल्यावर स्विचला आता अठ्ठेचाळीस काय, साठ भाकरींनाही पुरेल एवढी वीज होती. पण नियम म्हणजे नियम, ज्या पोर्टाची तक्रार होती त्याची चाचणी घ्यावी लागते. मी शिडी उचलून वर गेले. शिडी लागणार नव्हती, तरी नेली, आणि मुद्दाम फरशीवरून ओढत नेली.

काकाजींची खोली रिकामी केली होती. गादी गुंडाळलेली, खिडकीपाशी त्यांची एक खुर्ची होती तीही कोणीतरी नेलेली. मी गादी उलगडली आणि कॉटवर आडवी झाले. वर हिरवा ठिपका लागला. तीन मिनिटं गप पडून राहायचं. एक मिनिट मला जमलं. मग कोणीच झोप पोरी म्हणेना, आणि माझा श्वास मला आवरेना. हुंदका दाबायला गेले तर जास्तच अडकला. बावीस वर्षांत पहिल्यांदा चाचणी माझ्यामुळे नापास होत होती.

जिन्यात धाडधाड पावलं वाजली. मी उठून बसेपर्यंत वैराळे सिस्टर दारात उभी होती, धापा टाकत, चेहरा पांढरा. तिचा पट्टा थरथरत होता. त्यावर अठ्ठेचाळीस नंबर होता. तिने कॉटकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पट्ट्यावरचं बटण दाबून तो बंद केला.

मी म्हटलं, चाचणी आहे, तुम्ही जा, खाली चहाची वेळ झाली असेल. ती गेली नाही. बसायला काही आहे का म्हणून तिने इकडेतिकडे बघितलं. या खोलीत दुसरी खुर्ची कधी नव्हतीच. शेवटी ती माझ्या शिडीच्या खालच्या पायरीवर बसली.

"पडा तुम्ही," ती म्हणाली, "मी आहे."